बोलण्याने उतार पडतो का? गोव्याच्या आरोग्य केंद्रांत तपासून पाहिलेला एक प्रश्न

नैराश्याच्या आजारावर केवळ बोलून उपचार होऊ शकतो का, आणि ते बोलणारी व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञ नसून आपल्याच तालुक्यातली, बेताचे शिक्षण झालेली कोणी असेल तरी तो उपचार लागू पडतो का, या प्रश्नाची कसून शोधलेली जी उत्तरे आज जगापुढे आहेत, त्यांतली बरीच गोव्यातून गेलेली आहेत. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आपण रक्तदाब मोजायला किंवा मुलांना लस टोचून घ्यायला जातो, तिथल्याच बाहेरच्या बाकांवर बसलेल्या रुग्णांच्या सहभागातून हे संशोधन उभे राहिले. ‘द लान्सेट’सारख्या नियतकालिकात ते छापून आले आणि आता टोरोंटो-शिकागोपर्यंत त्याचा माग लागतो. गोव्यातल्या वाचकांना मात्र त्याची ओळख फार थोडी आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगावेसे वाटते.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले, की भारतात नैराश्याने आजारी असलेल्या दर शंभर माणसांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत कोणताही उपचार पोहोचत नाही. देशात एक लाख लोकसंख्येमागे एकही पूर्ण मानसोपचारतज्ज्ञ येत नाही. हे प्रमाण पाऊण तज्ज्ञाच्या आसपास आहे. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था असलेले गोवा या बाबतीत पुष्कळ राज्यांपेक्षा सुदैवी खरे, पण वाळपईच्या पलीकडच्या एखाद्या वाड्यावरून बांबोळी गाठायची, तीही मन मरगळलेले असताना आणि ‘तिकडे कशाला गेली होती’ हा प्रश्न मागे लागणार हे ठाऊक असताना, ही गोष्ट सोपी नाही.

शिवाय रुग्ण ‘मी खिन्न आहे’ असे सांगत येतच नाही. अंग दुखते, झोप लागत नाही, डोके जड होते, हातापायांत बळ राहिले नाही, जेवणावर वासना नाही, अशा तक्रारी घेऊन तो येतो आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या नाहीतर वेदनाशामक घेऊन परत जातो. उत्तर गोव्यात १८ ते ५० या वयोगटातील सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या पाहणीत संशोधकांना एक महत्त्वाची गोष्ट दिसली होती. अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचे नाते प्रजननमार्गाच्या संसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि नैराश्याशी अधिक घट्ट होते. त्याच्या थोडे आधी, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवलेल्या गरोदर स्त्रियांची बाळंतपणानंतरही पाहणी केली गेली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के मातांना नैराश्य असल्याचे दिसले. त्यांच्यापैकी बहुतेकींची मनःस्थिती गरोदरपणातच बिघडलेली होती. घरची ओढगस्त, नवऱ्याशी बिनसलेले संबंध आणि मुलगाच हवा असताना झालेली मुलगी या गोष्टींनी धोका वाढत होता. ‘बाळंतिणीचे रडू येतेच’ म्हणून ज्याच्याकडे घरोघरी दुर्लक्ष होते, त्यातले किती रडू प्रत्यक्षात आजाराचे असते हे या आकड्यावरून ध्यानात यावे.

असा आजार हुडकायचा कसा, याचे उत्तर तुलनेने सोपे आहे. नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. मागच्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही, मन उदास राहिले, झोप बिघडली, थकवा आला, भूक मंदावली किंवा खूप वाढली, आपण वाया गेलो असे वाटले, लक्ष लागेनासे झाले, हालचाली मंदावल्या किंवा उलट अस्वस्थपणा आला, आणि जगण्यापेक्षा मेलेले बरे असा विचार मनात आला. यांपैकी प्रत्येक गोष्ट किती दिवस झाली, ते विचारायचे. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, म्हणजे जास्तीत जास्त २७. प्रशिक्षण मिळालेली कोणीही व्यक्ती ही प्रश्नावली काही मिनिटांत भरून घेऊ शकते. अवघड भाग पुढचा आहे. आजार सापडल्यावर करायचे काय?

गोव्यातल्या या कामाच्या केंद्रस्थानी ‘संगात’ ही संस्था आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९६ मध्ये स्थापन केली आणि तिचे मुख्य काम पर्वरीहून चालत आले आहे. या संस्थेच्या यशाच्या कथा अनेकदा सांगितल्या जातात, पण मला तिच्या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटते ती २००३ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी, जिच्यात बोलण्याचा उपचार हरला.

ती चाचणी अशी होती. सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागांत येणाऱ्या, नैराश्य आणि चिंतेने ग्रासलेल्या ४५० प्रौढांचे चिठ्ठी टाकल्यासारखे तीन गट केले गेले. एका गटाला फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध मिळाले, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी मिळाली, तर तिसऱ्याशी प्रशिक्षित व्यक्तीने काही बैठकांत बोलून उपचार केला. दोन महिन्यांनी पाहता औषध घेणारे रुग्ण बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे बरे होते, पण बोलण्याचा उपचार मिळालेले मात्र तसे नव्हते. बिनऔषधी गोळीपेक्षा त्या बोलण्याचा अधिक उपयोग झाल्याचे दिसले नाही.

इथे चिठ्ठीचे महत्त्व समजून घ्यायला हवे, कारण पुढचे सगळे आकडे तिच्यावर उभे आहेत. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळावा हे डॉक्टरांनी किंवा रुग्णांनी ठरवले, तर उत्साही, घरचा आधार असलेले, सौम्य आजाराचे लोक एका गटात गोळा होण्याची भीती असते, आणि मग ते बरे झाले ते उपचाराने की मुळात बरे होणारच होते, हे सांगता येत नाही. चिठ्ठीने वाटणी केली की गरीब-श्रीमंत, सौम्य-तीव्र, एकटे-कुटुंबवत्सल असे सगळे दोन्हींकडे साधारण सारखे विखुरतात. तुलनेसाठी दुसरा गट ठेवण्याचे कारणही असेच आहे. नैराश्य पुष्कळांच्या बाबतीत काळाच्या ओघात आपोआप ओसरते. ज्याला काहीही विशेष दिले नाही अशा गटातही काही जण बरे होतातच, आणि उपचाराचे श्रेय तेवढे वजा करूनच मोजावे लागते. आपल्या ओळखीच्या अमक्याला तमक्याने गुण आला, हा पुरावा इथेच कमी पडतो.

तर २००३ च्या निकालातून ‘बोलून काही होत नाही’ असा अर्थ काढून विषय बंद करता आला असता. संशोधकांनी तसे केले नाही. कोणते बोलणे, कोणी, किती वेळा आणि कशा व्यवस्थेत, हे प्रश्न त्यांनी पुन्हा मांडले. त्यातून उभी राहिलेली ‘मानस’ नावाची मोठी चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. गोव्यातील २४ दवाखाने तिच्यात होते, १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी डॉक्टरांचे दवाखाने. या वेळी चिठ्ठी रुग्णांची न टाकता दवाखान्यांची टाकली गेली. निम्म्या ठिकाणी आरोग्यक्षेत्राची कोणतीही पार्श्वभूमी नसलेल्या, याच कामासाठी प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशक महिला बसल्या. त्या रुग्णाला आजार समजावून सांगत, गरजेप्रमाणे नात्यांतल्या अडचणींवर केंद्रित असलेल्या बैठका घेत. डॉक्टर औषधाची बाजू सांभाळत आणि अवघड रुग्णासाठी मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी असत.

सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांतल्या रुग्णांमध्ये फरक ठळक होता. समुपदेशक असलेल्या केंद्रांत सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले, नसलेल्या केंद्रांत सुमारे ४३ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र काहीच फरक पडला नाही. तिथे समुपदेशक असो वा नसो, सुमारे ६५ टक्के रुग्ण बरे झालेले दिसले. या निकालाकडे मी पुन:पुन्हा वळतो. गोव्यातला जुना ‘घरचा डॉक्टर’ ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना यातले काहीतरी ओळखीचे वाटेल. तो डॉक्टर कुटुंबाच्या तीन पिढ्या ओळखतो, नाडी पाहता पाहता थोरल्या मुलाची नोकरी लागली का हे विचारतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायला सांगतो. चाचणीने हे कारण सिद्ध केले असे म्हणता येणार नाही, पण रुग्णाला तोच माणूस पुन:पुन्हा भेटणे आणि त्याने सवडीने ऐकणे हाच उपचाराचा एक भाग असावा, हा अंदाज मला पटतो. सरकारी केंद्रात गर्दीमुळे जी सवड उरत नाही, ती समुपदेशकाने भरून काढली असावी.

त्यानंतरच्या टप्प्यात संशोधकांनी बोलण्याची पद्धतच बदलली. त्यांनी निवडलेल्या पद्धतीचे मूळ अमेरिकेत आहे. पीटर लेविन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात असे मांडले होते, की माणूस खिन्न होतो तेव्हा तो समाधान देणाऱ्या गोष्टी करणे सोडतो, त्यामुळे समाधान आणखी घटते आणि खिन्नता वाढते, असे हे चक्र आहे. पुढे १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी एक धाडसी तुलना केली. त्या वेळच्या मान्यताप्राप्त उपचारात रुग्णाच्या नकारात्मक विचारांची तपासणी करून ते बदलण्यावर मोठा भर असे. तो भाग वगळून फक्त दैनंदिन कृती वाढवण्याचा भाग ठेवला तर काय होते, हे त्यांनी पाहिले. निकाल जवळजवळ सारखेच आले. २००६ मध्ये सोना डिमिजियन यांच्या चमूला तीव्र नैराश्याच्या रुग्णांमध्येही ही पद्धत औषधाच्या तोडीची आढळली, आणि याच डिमिजियन पुढे गोव्याच्या चाचणीत सहभागी झाल्या. इंग्लंडमधल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ४४० रुग्णांच्या चाचणीने तर असे दाखवले, की कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी दिलेला हा साधा उपचार अनुभवी तज्ज्ञांच्या महागड्या उपचारापेक्षा कमी पडत नाही.

या पद्धतीला वर्तन-सक्रियता म्हणू. तिचे सूत्र आपल्या नेहमीच्या समजुतीच्या उलटे आहे. आपण म्हणतो, बरे वाटले की बाहेर पडेन, उमेद आली की कामाला लागेन. ही पद्धत म्हणते, उमेदीची वाट पाहू नका, आधी छोटी कृती करा, उमेद मागून येईल. कुळागरातला जुना पंप कोरडा पडला की तो पाणी खेचण्याआधी त्यात वरून तांब्याभर पाणी ओतावे लागते, तसे हे आहे.

प्रत्यक्ष बैठकीत काय घडते ते समजावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेतो. डिचोली तालुक्यातल्या एका गावात चाळिशीची एक गृहिणी आहे. नवरा खाणीच्या ट्रकवर होता, खाणी बंद झाल्यावर उत्पन्न तुटले, थोरली मुलगी लग्न होऊन गेली आणि गेले तीन महिने या बाईंना कशातच राम वाटत नाही. पूर्वी त्या मंगळवारी वाड्यावरच्या बायकांबरोबर भजनाला बसत, परसात भाजी लावत, बहिणीला दर दोन दिवसांनी फोन करत. आता यांतले काहीच होत नाही. स्वयंपाक कसाबसा उरकून त्या पडून राहतात, आणि पडून राहिल्याबद्दल स्वतःलाच बोल लावतात.

समुपदेशक त्यांना ‘मन घट्ट करा’ असे सांगत नाही. प्रशिक्षणात उपदेश करणे कटाक्षाने टाळायला शिकवलेले असते. पहिल्या बैठकीत त्यांचे ऐकून घेतले जाते आणि हा एक आजार आहे, दोष नव्हे, हे समजावले जाते. मग एक साधा तक्ता काढतात. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा रकान्यांत कालचा दिवस भरायचा, प्रत्येक वेळी काय केले आणि तेव्हा मन कसे होते ते लिहायचे, लिहिता येत नसेल तर खुणेने दाखवायचे. आठवड्याचा तक्ता समोर ठेवला की त्या बाईंना स्वतःलाच काहीतरी दिसते. दुपारी दोन ते पाच पडून राहिल्यानंतर मन सर्वांत जड होते, आणि गुरुवारी शेजारीण आली म्हणून अर्धा तास ओसरीवर बसल्या तेव्हा जरा हलके वाटले होते. कोणी सांगून पटण्यापेक्षा हे आपल्याच तक्त्यातून पटणे वेगळे असते.

त्यानंतर पुढच्या आठवड्यासाठी एक-दोन कृती ठरवल्या जातात, आणि त्या मुद्दाम लहान असतात. पुन्हा भजनाला जाण्याचे ठरवले तर ते झेपणार नाही. संध्याकाळी परसात जाऊन मिरचीच्या चार रोपांना पाणी घालायचे, एवढे झेपेल. बुधवारी चार वाजता बहिणीला फोन करायचा, मग बोलण्यासारखे काही नसले तरी चालेल. वार आणि वेळ ठरलेली असते, कारण ‘जमेल तेव्हा’ म्हटले की ते जमत नाही. घरातल्या कोणाला, म्हणजे नवऱ्याला किंवा सासूला, आठवण करून देण्याचे काम सोपवले जाते. पुढच्या बैठकीत काय झाले हे विचारले जाते, आणि नाही जमले तर अडथळा कुठे आला तो शोधला जातो. पैशाची ओढाताण, घरातले भांडण, कागदपत्रांचे अडलेले काम अशा खऱ्या अडचणींवर पायरीपायरीने तोड काढायला शिकवणे हाही या उपचाराचाच भाग आहे, कारण उत्पन्न तुटलेल्या घरात केवळ रोपांना पाणी घालून भागत नाही याची जाण तो तयार करणाऱ्यांना होती. प्रत्येक बैठकीत ती नऊ प्रश्नांची प्रश्नावली पुन्हा भरली जाते, त्यामुळे उतार पडतो आहे की नाही ते दोघांनाही दिसत राहते. तीस-चाळीस मिनिटांच्या अशा सहा ते आठ बैठका होतात. केंद्रावर, घरी, क्वचित फोनवर. शेवटच्या बैठकीत आजार पुन्हा डोके वर काढू लागला तर तो कसा ओळखायचा आणि तेव्हा काय करायचे याची तयारी करून घेतात.

‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ या नावाच्या या उपचाराची चाचणी गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाली आणि तिचे निकाल डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ४९५ रुग्ण होते, सगळे प्रश्नावलीत १४ पेक्षा जास्त गुण असलेले, म्हणजे बऱ्यापैकी तीव्र आजाराचे. निम्म्यांना नेहमीचे पण सुधारित उपचार मिळाले, म्हणजे आजार सापडल्याचे डॉक्टरांना कळवले गेले आणि उपचाराची मार्गदर्शक सूत्रेही त्यांच्या हाती दिली गेली. उरलेल्या निम्म्यांना याखेरीज या बैठका मिळाल्या. तीन महिन्यांनंतर बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे गुण दहाच्या खाली आले होते, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

या आकड्यांचे वाचन नीट करावे लागते. ‘६४ टक्क्यांना गुण आला’ असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण त्यांतले बरेचसे बैठकांशिवायही बरे झाले असते. उपचाराचे खरे श्रेय दोहोंतल्या फरकाइतके, म्हणजे २५ टक्क्यांचे आहे. वेगळ्या शब्दांत, चार रुग्णांना हा उपचार दिला तर त्यांतला एक असा बरा होतो जो एरवी त्या काळात झाला नसता. वैद्यकातल्या पुष्कळ प्रस्थापित औषधांचा हिशेब याहून पातळ निघतो, तेव्हा हा परिणाम मोठाच म्हटला पाहिजे. त्याबरोबर कामाचे बुडणारे दिवस कमी झाले, आत्महत्येचे विचार कमी आढळले आणि स्त्रियांना नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी नोंदली गेली. वर्षभरानंतर पाहता बैठका मिळालेल्यांचे प्रमाण ६३ टक्क्यांवर टिकून होते, आणि तोवर दुसरा गटही ४८ टक्क्यांपर्यंत वर आला होता. तीन महिन्यांत दैनंदिन कृती जितक्या वाढल्या त्यावर पुढच्या टिकाऊ फायद्याचा बराच भाग अवलंबून होता, असेही विश्लेषणात दिसले. उपचारामागचे कारण आपण समजलो तेच आहे की दुसरेच काही, याची ही एक कसोटी असते, आणि ती इथे उतरली.

याच काळात डॉ. अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी दारूच्या अपायकारक सवयीवरचा एक वेगळा उपचारही अशाच रीतीने दहा केंद्रांत तपासला. गोव्यात दारू स्वस्त आहे, सहज मिळते आणि लग्नकार्यापासून उत्सवापर्यंत तिला वावर आहे, त्यामुळे ‘पितो पण व्यसनी नाही’ अशा अवस्थेतल्या पुरुषाला आपल्याला काही झाले आहे हेच मान्य नसते. या उपचारात जास्तीत जास्त चार बैठका होत्या. दारू वाईट असे सुनावणे नव्हते; पिण्याने काय मिळते आणि काय जाते याचा ताळेबंद त्या माणसालाच मांडायला लावणे होते. तीन महिन्यांनी शेवटच्या चौदा दिवसांत अजिबात न प्यालेल्यांचे प्रमाण उपचार मिळालेल्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्यात १८ टक्के. वर्षभरानेही फरक टिकून होता. मात्र जे पीत राहिले त्यांच्या पिण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, आणि घरातल्या हिंसेवर किंवा कामाच्या दिवसांवरही परिणाम दिसला नाही. दारू सुटली की घर आपोआप सावरते ही समजूत किती भाबडी आहे, ते या दुसऱ्या भागावरून कळते. त्या घरातल्या स्त्रियांचा स्वतंत्र विचार करावाच लागेल.

हे समुपदेशक कोण होते, हे सांगितल्याशिवाय चित्र पुरे होणार नाही. मानसिक आरोग्याचे कोणतेही व्यावसायिक शिक्षण न झालेली, स्थानिक भाषा बोलणारी, किमान दहावी उत्तीर्ण झालेली माणसे निवडली गेली. काही आठवड्यांचे वर्गातले प्रशिक्षण झाले, मग काही महिने देखरेखीखालचा सराव झाला. त्यानंतरची व्यवस्था मला सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. रुग्णाच्या संमतीने बैठकांचे ध्वनिमुद्रण होई. समुपदेशक आठवड्याला एकत्र बसून एकमेकांच्या बैठका ऐकत आणि ठरलेल्या निकषांवर गुण देत. रुग्णाला बोलू दिले का, मागच्या आठवड्याच्या कामाची चौकशी केली का, पुढची कृती नेमकी ठरवली का, असे ते निकष होते. सरावाने त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांच्या जवळ येऊ लागले, असेही संशोधकांनी तपासून नोंदवले आहे. चांगले मन आणि गोड बोलणे यांच्या भरवशावर हा उपचार सोडलेला नव्हता. औषधाच्या गोळीत किती मिलिग्रॅम आहे हे जसे तपासतात, तशी बैठकीचीही प्रत तपासली जात होती. २००३ नंतर बदललेल्या अनेक गोष्टींपैकी ही एक मोठी गोष्ट होती.

या देखरेखीच्या पद्धतीवर गोव्यात काम केलेल्या डेझी सिंगला यांनी पुढे कॅनडा आणि अमेरिकेत १,२३० गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांची चाचणी केली. वर्तन-सक्रियतेचाच उपचार, पण निम्म्यांना तो तज्ज्ञांनी दिला, निम्म्यांना परिचारिका, सुईणी आणि प्रसूतीत सोबत करणाऱ्या साहाय्यकांनी. ‘नेचर मेडिसिन’मध्ये २०२५ साली आलेल्या निकालांनुसार दोन्ही गटांतल्या स्त्रियांना सारखाच गुण आला, आणि समोरासमोर बसून बोललेले व व्हिडिओवरून बोललेले यांतही उणेअधिक ठरले नाही. तज्ज्ञांची कमतरता नसलेल्या देशांतही रांगा महिनोन्‌महिने लांबतात, म्हणून त्यांनाही या वाटेने जावेसे वाटते आहे.

या सगळ्यातून औषधे नकोत असा अर्थ काढू नये. २००३ च्या गोव्याच्याच चाचणीत औषध उपयोगी ठरले होते. २०१८ मध्ये ५२२ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा नैराश्यावरची तपासलेली सर्व २१ औषधे बिनऔषधी गोळीपेक्षा सरस आढळली. कोणी चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद केल्या तर त्याला त्रास होऊ शकतो. कोणत्या रुग्णाला गोळी अधिक मानवेल आणि कोणाला बैठका, हे आधीच ओळखता येईल का, असा आता खरा प्रश्न आहे. त्यासाठी भोपाळच्या आरोग्य केंद्रांत फ्लुऑक्सेटिन आणि गोव्यात घडलेला हाच उपचार यांची दीड हजार रुग्णांमध्ये तुलना करणारी चाचणी हाती घेण्यात आली. मर्यादाही आहेत. गोव्याच्या नैराश्याच्या चाचणीत बहुतेक रुग्ण स्त्रिया होत्या, त्यामुळे पुरुषांबाबत तितक्याच खात्रीने बोलता येत नाही. शिवाय सुमारे तीनपैकी एका रुग्णाने बैठका पूर्ण केल्या नाहीत, आणि उपचार मिळूनही तीनांत एकाहून अधिक जण तीन महिन्यांत सावरले नव्हते. अशांना वर तज्ज्ञाकडे पोहोचवणारी साखळी नसेल, तर खालची पायरी कितीही चांगली असून पुरत नाही.

माझे मत स्पष्ट सांगतो. ज्या आरोग्य केंद्रांच्या बाकांवर हे ज्ञान तयार झाले, त्या प्रत्येक केंद्रात असा समुपदेशक कायमच्या पदावर असायला हवा. चाचणीला निधी असतो तोवर माणसे असतात, निधी संपला की खुर्ची रिकामी होते, आणि पुरावा तेवढा छापील पानावर राहतो. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांमध्ये मानसिक आरोग्याचा समावेश कागदोपत्री झालेलाच आहे. त्यासाठी लागणारा उपचार आपल्याच मातीत तपासून तयार आहे, प्रशिक्षणाची पुस्तिका तयार आहे, प्रत तपासण्याचे निकषही तयार आहेत. हा खर्च आरोग्य खात्याने उचलावा अशी मागणी ग्रामसभांतून, पंचायतींतून आणि आमदारांकडे व्हायला हवी, रस्त्यासाठी आणि पाण्यासाठी होते तशी.

तोवर ज्याला गरज आहे त्याने काय करावे? दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उतरलेले असेल, कशात रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रातल्या किंवा ओळखीच्या डॉक्टरांना अंगदुखीबरोबर हेही सांगावे. ते न सांगितल्याने बहुतेक वेळा निदान हुकते. बांबोळीच्या संस्थेत बाह्यरुग्ण विभाग आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते. जीव नकोसा वाटू लागला असेल, किंवा घरातल्या कोणी तसे बोलून दाखवले असेल, तर भेटीची तारीख ठरण्याची वाट न पाहता त्याच दिवशी हा क्रमांक फिरवावा किंवा थेट रुग्णालयात जावे, आणि त्या माणसाला तेवढा वेळ एकटे ठेवू नये.